वेस उघडणाऱ्याचा पणतू

मांडवठाणात दाढ्या दोन प्रकारच्या असत. एक परमेश्वराने दिलेली आणि दुसरी गनीभाईंनी दिलेली. परमेश्वराची यायला महिने लागत आणि ती खाजे. गनीभाईंची घटकेत तयार होई. खाजे तीही, पण नाटक संपले की काढून खुंटीला अडकवता येई. वसिष्ठ, विश्वामित्र, भीष्म, द्रोण अशा थोर मंडळींच्या हनुवट्या गेली बावीस वर्षे गनीभाई पिंजाऱ्यांच्या कापसाने झाकल्या होत्या. भीष्माला ते मुद्दाम शेवटच्या वेचणीचा, जरा पिवळट कापूस लावत. "म्हातारा मानूस, इतका पांढराफेक कसा ऱ्हाईल?" असे त्यांचे म्हणणे होते, आणि भीष्माने त्यावर कधी हरकत घेतली नाही.

कोल्हारपासून प्रवरेच्या काठाकाठाने खाली उतरत गेले की दीड कोसावर मांडवठाण लागे. दीडशे उंबऱ्यांचे गाव, पडकी वेस, भैरवनाथाचे देऊळ, आणि वेशीला लागूनच गनीभाईंचे घर. गनीभाई अंगाने इतके किडकिडीत, की खांद्यावर पिंजण टाकून ते गाद्या पिंजायला निघाले म्हणजे पिंजणच त्यांना घेऊन चालले आहे असे वाटे. भुवयांवर बारा महिने कापूस. त्यामुळे भर वैशाखातही हा माणूस नुकताच धुक्यातून आल्यासारखा दिसे.

पण गनीभाईंचे काम दाढीपाशी संपत नसे. खरे तर तिथे ते सुरू होई. श्री भैरवनाथ प्रासादिक नाट्यमंडळाच्या नाटकात आतून सांगायचे ते गनीभाईंनी. त्यांना अक्षर वाचता येत नव्हते. शाळेचे राधाकृष्ण गुरुजी जत्रेआधी त्यांच्या ओसरीवर बसून नाटकाचे पुस्तक वाचत आणि गनीभाई कापूस पिंजता पिंजता ऐकत. तिसऱ्या वाचनानंतर गुरुजींनी पुस्तक मिटायचे आणि गनीभाईंनी सुरुवात करायची. सगळे नाटक स्वल्पविरामासकट बाहेर येई. याचा परिणाम असा झाला, की मंडळातला एकही नट भाषण पाठ करीनासा झाला. कशाला करायचे? गनीभाई आतून सांगणार, आपण मोठ्याने म्हणायचे. कान विंगेकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे, अशी एक खास मांडवठाणी मान त्यातून तयार झाली होती. जत्रेनंतर आठ दिवस ती सरळ होत नसे.

आतून येईल ते म्हणायचे, हा नियम किती पक्का होता? एकदा काकासाहेब पाटील दुर्योधन झाले होते. ऐन गदायुद्धात गनीभाई कळवळून कुजबुजले, "काकासाहेब, मागं सरा, धोतर सुटलंय." काकासाहेबांनी गदा उगारली, मिशीवर ताव दिला आणि गर्जना केली, "भीमा, मागे सर! धोतर सुटले आहे!" भीम बिचारा मागे सरला आणि त्याने आपले धोतर चाचपून पाहिले.

तो एक प्रसंग सोडला, तर बावीस वर्षांत गनीभाईंच्या तोंडून पुस्तकाबाहेरचा एक शब्द गेला नव्हता. एवढे सैन्य हाताशी असूनही त्यांनी कधी पदरचे वाक्य घातले नाही. या माणसाला दुसरा कसलाही ताठा नव्हता. हा एवढा एक होता.

आणि याच माणसाच्या घराला गावात 'वेसउघडे' म्हणत.

सव्वाशे वर्षांमागे गावावर पेंढारी चालून आले होते. वेस आतून बंद होती, आणि ती गनीभाईंच्या पणजाने, बाबाजान पिंजाऱ्याने, उघडून दिली. गाव लुटले गेले. एवढीच हकीकत गावाला ठाऊक होती आणि तेवढ्यावर गाव समाधानी होते. 'वेसउघडे' म्हणताना कोणाच्या मनात राग नसे. कोणाला लंगडे म्हणावे, कोणाला सहाबोटे म्हणावे, तसेच हे. "वेसउघड्यांकडं दोन उशा टाकल्यात, घिऊन या," असे सुना सासूच्या देखत म्हणत, आणि गनीभाई त्याच उशा हसून देत. आपल्या पायाखाली कोणाची करंगळी आहे हे शंभर वर्षे उभे राहिलेल्या माणसाला जाणवत नाही. ते करंगळीवाल्याला जाणवते.

१९४५ सालच्या जत्रेपुढे मात्र मोठेच संकट उभे राहिले. लढाईपायी कापड रेशनवर गेले होते. नगरचा पोशाखवाला दरसाल राजांचे अंगरखे भाड्याने देई. त्याने ते उसवून त्यांच्या टोप्या शिवल्या आणि विकून टाकल्या. रॉकेलही रेशनवर, म्हणजे गॅसबत्त्या नाहीत. चावडीत बैठक बसली. अंगरख्याशिवाय दुर्योधन कसा व्हायचा, या प्रश्नावर काकासाहेब पाटील अर्धा तास नुसते सुस्कारे टाकत होते.

तेव्हा राधाकृष्ण गुरुजी म्हणाले, "आपण आपल्या गावाचंच नाटक केलं तर? पेंढाऱ्यांची स्वारी! पोशाख घरोघरच्या ट्रंकांत आहेत. पागोटी, बाराबंद्या, आजोबांच्या तलवारी. आणि नाटक करू दुपारी, म्हणजे बत्त्या नकोत. प्रत्येकानं आपापल्या पूर्वजांची हकीकत सांगायची, मी ती जुळवतो."

गुरुजी पुस्तकी माणूस. प्रत्येकाला आपला पूर्वज विचारणे म्हणजे काय, याची त्यांना कल्पना नव्हती.

आठ दिवस ते वही घेऊन घरोघर हिंडले आणि नवव्या दिवशी डोके धरून चावडीत बसले. वहीत तेवीस पूर्वज जमले होते. तेवीसही वेशीत लढताना मेले होते. एकजण भाल्याने, सहाजण तलवारीने, आणि तालीमबाज कानिफनाथाचा पणजा तर मुंडके उडाल्यावरही न्याहारीच्या वेळेपर्यंत लढत होता.

"मुंडकं नसताना न्याहारीची वेळ त्यांना कशी कळली?" गुरुजींनी विचारले.

"अवो, पोट हुतं की!" कानिफनाथ म्हणाला.

"बरं, पण हे सगळे तरुणपणी, बिनलग्नाचे मेले असं तुम्ही सांगता. मग तुम्ही कुठून आलात?"

यावर बैठकीत थोडी कुजबूज झाली आणि पूर्वजांची लग्ने स्वारीच्या आदल्या साली लावून टाकायचे ठरले.

दुसरी गोष्ट, सगळेच मूळचे मांडवठाणचे होते. कोणीही कुठून आलेले नव्हते. पांडवांच्या वेळेपासून सगळे इथेच बसून होते. सहादेव तेली हा गावातला सर्वांत गरीब स्वभावाचा माणूस, घाण्याच्या बैलालाही 'अहो' म्हणणारा. त्याला गुरुजींनी विचारले तेव्हा तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "समद्यांचं लिवलंय तसंच आमचं बी लिवा, गुर्जी."

"आणि पेंढारी कोण होणार?"

तेवीस वीरांना मारायला एकही पेंढारी मिळेना. शेवटी कोल्हारहून सहा पेंढारी गुळाच्या जिलबीच्या बोलीवर मागवायचे ठरले.

"आता एकच राहिलं," गुरुजी म्हणाले. "एवढे वीर वेशीत असताना गाव लुटलं कसं गेलं? प्रेक्षक विचारतील."

"त्यात काय," काकासाहेब म्हणाले, "वेस उघडली म्हनून. ते समद्यांला ठावं हाय." मग त्यांना कोपऱ्यात दाढ्यांचा हिशेब करत बसलेले गनीभाई दिसले. "गनी, वाईट वाटून घिऊ नकोस हां. नाटकात एक तरी वंगाळ मानूस लागतोच."

"छे, छे, काकासाहेब," गनीभाई म्हणाले, "लिवा की."

"आपला सहादेव करंल बाबाजान. काय सहादेवा?"

सहादेवाला आयुष्यात नाही म्हणता आले नव्हते. तो खाली मान घालून बसला. तोच होकार धरला गेला.

"आन गनी," काकासाहेब प्रेमाने म्हणाले, "त्याला दाढी काळी कर बरं का. चांगली दगाबाजासारखी दिसली पायजे."

काकासाहेब दुष्ट होते असे मुळीच नाही. गनीभाई तापाने पडले होते तेव्हा याच काकासाहेबांनी रोज घरचे दूध पाठवले होते. बाबाजान नावाचा कोणी माणूस खरोखर होऊन गेला आणि त्याचा पणतू समोर कापूस मोजत बसला आहे, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या, एवढेच.

गुरुजी नाटक वाचायला ओसरीवर आले. गनीभाईंनी पिंजण उचलले. पिंजणाच्या ताणलेल्या तातीचा टणत्कार आणि गुरुजींचे वाचन, दोन्ही चालू राहिले. तिसऱ्या अंकात पाटलांपुढे हात बांधून बाबाजानला उभे करतात. पाटील विचारतात, "बोल, नराधमा! वेस का उघडलीस?" आणि बाबाजान उत्तर देतो, "लुटीतला वाटा मिळावा म्हणून, पाटील!"

तिथे तातीचा आवाज एक ठोका चुकला. गुरुजींना कळले नाही. गुरुजींना संगीताचे अंग नव्हते. पण दाराआड गव्हातले खडे वेचत बसलेल्या गनीभाईंच्या पत्नीला, बद्रुन्निसाबींना, कळले. गुरुजी गेल्यावर त्या सूप बाजूला ठेवून बाहेर आल्या.

"हे सांगनार तुमी? सहादेवभाऊच्या तोंडात हे घालनार?"

"पुस्तकात हाय ते सांगायचं."

"राहात्याचे पाव्हने येनार हायेत जत्रेला. आपल्या हसीनाला मागनी घालनारे. त्यांच्या म्होरं?"

गनीभाई कापसाकडे पाहत राहिले. खरी हकीकत या घरात चार पिढ्या होती. ती त्यांच्या वडिलांनी त्यांना एकदाच सांगितली होती. त्या पहाटे वेशीवर पहाऱ्याची पाळी बाबाजानची होती. वरच्या अंगाच्या वाड्यांवरची माणसे पेंढाऱ्यांपुढे पळत येऊन वेशीवर थापा मारू लागली. बायका, पोरे, शेळ्या, सव्वाशेचा जमाव. पाटील म्हणाले, उघडू नकोस, मागे घोडी आहेत. बाबाजानने वेशीच्या दारातली लहान दिंडी उघडली. सगळी आत आली, आणि दिंडी लावता लावता घोडी पोचली. गाव लुटले गेले, धान्य गेले, भांडी गेली. पण माणूस एकही गेले नाही. बाबाजानची दोन बोटे दिंडीत चिरडली. तो वेशीत बिशीत मेला नाही. पुढे चाळीस वर्षे आठ बोटांनी कापूस पिंजत आणि 'वेसउघड्या' ऐकत जगला. मुलांनी विचारले की म्हणे, "आम्ही नाही सांगायचं. जे आत आले त्यांनी सांगावं."

आत आलेल्यांनी सांगितले नाही. उपरे म्हणवून घ्यायची कोणाला हौस असते? दोन पिढ्यांत तेही गावचे झाले, तीन पिढ्यांत मूळचे झाले, आणि गुरुजींच्या वहीत वेशीत लढून मेले.

बद्रुन्निसाबी हळूच म्हणाल्या, "ते लोक तुमी सांगाल ते बोलतात. धोतर सुटलं म्हनलं तर तेच बोलतात. मग खरं काय ते सांगा की आतून. सहादेवभाऊ बोलून मोकळा व्हईल. कौन पूछनेवाला है?"

"ते हरामाचं झालं," गनीभाई म्हणाले.

पण माणसाच्या मनाला पिंजण लागले की गाठी सुटू लागतातच. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या गाद्या पिंजताना बाबाजानचे खरे भाषण त्यांच्या मनात आपोआप जुळू लागले. तिसऱ्या दिवशी त्यात एक उपमा आली. आठव्या दिवशी ते पुरे झाले, आणि असे उतरले होते की गुरुजींच्या अख्ख्या वहीत त्याच्या पासंगाला पुरेल असे पान नव्हते. गनीभाई ते मनातल्या मनात म्हणत आणि गहिवरत. मग देवळापुढे तालमीला जाऊन "लुटीतला वाटा मिळावा म्हणून" स्वच्छ आवाजात सांगत. सहादेव ते म्हणे. म्हणताना तो कधी वर बघत नसे. बिचारा लाजाळू आहे, असे सगळे म्हणत.

जत्रेचा दिवस उजाडला. भैरवनाथापुढे चार गाड्या जोडून फळ्या टाकल्या होत्या. चैत्रातले दुपारचे ऊन म्हणजे नाटकाचा शत्रू. गॅसबत्तीत जे वीर दिसतात ते उन्हात नात्यातले दिसतात. घामाने दाढ्या ओघळत होत्या. तलवारी गंजलेल्या होत्या, आणि एका शूराची तर म्यानातून बाहेरच येईना, म्हणून तो म्यानानेच लढत होता. कोल्हारचे पेंढारी शेवटच्या अंकातल्या लुटीसाठी राखून ठेवले होते, त्यामुळे तोवर सगळे वीर न दिसणाऱ्या शत्रूशीच लढत होते. पण लोक खूश होते. कोल्हार, राहाता, पार कर्जतकडच्या लेकी माहेरी आल्या होत्या. ज्याचा त्याचा पणजा रंगमंचावर येई, तसतसा त्या त्या घरचा घोळका टाळ्या पिटे. गुरुजी पुढे पाहुण्यांत बसून आपले वाक्य आले की मान डोलावत होते. बायकांच्या बाजूला बद्रुन्निसाबी हसीनाच्या होणाऱ्या सासूशेजारी पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

दोन अंक झाले. तिसऱ्यात कानिफनाथ ठरल्याप्रमाणे मेला. मुंडक्याविना लढायची त्याची फार इच्छा होती, पण ते कसे दाखवायचे हे न जमल्यामुळे तो मुंडक्यासकट आडवा पडला. मग काळी दाढी लावलेल्या सहादेवाला हात बांधून आणले. काकासाहेब आपल्या पणजाचे पागोटे घालून पुढे झाले. आतून गनीभाईंनी सांगितले आणि काकासाहेब गरजले, "बोल, नराधमा! वेस का उघडलीस?"

आता सहादेवाची पाळी होती. त्याने कान विंगेकडे केला.

गनीभाईंच्या जिभेवर दोन वाक्ये येऊन बसली होती. एक गुरुजींचे, एक त्यांचे स्वतःचे. गुरुजींचे आज ओठाबाहेर येईना. आणि स्वतःचे? ते तर नुसता श्वास सोडला असता तरी निघाले असते. समोर सहादेवाचा कान होता, मोठा, विश्वासू, उन्हात लाल झालेला. त्या कानात काहीही घातले असते तर तो तोंडाने बाहेर काढणार होता. आणि नेमका तो कान बघूनच गनीभाईंना ते करवेना. दुसऱ्याच्या तोंडून आपली बाजू वदवायची, ती त्याला न विचारता? त्यांनी तोंड मिटले.

सहादेव वाट पाहत राहिला. काकासाहेबांनाही काही ऐकू येईना. ज्याअर्थी नवे वाक्य आलेले नाही त्याअर्थी जुनेच चालू आहे, असे समजून ते पुन्हा गरजले, "बोल, नराधमा! वेस का उघडलीस?"

जिलबीवाल्याचा झारादेखील थांबला.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारले तेव्हा 'नराधमा' गळून पडले होते. "सांग की रं," ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "का उघडली वेस?"

सहादेवाने विंगेकडचा कान काढून घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा रंगमंचावर त्याची मान सरळ झाली. त्याने काकासाहेबांकडे पाहिले आणि घाण्याच्या बैलाशी बोलावे तसे हळू म्हणाला, "भाईर मानसं हुती, पाटील."

"कोन मानसं?" काकासाहेब म्हणाले. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"आमची. माझी आजी सांगायची. तिची आजेसासू पोटुशी हुती, वेशीवर थापा मारत हुती. दिंडी उघडली न्हाई तर तितंच संपलो असतो आमी. गुर्जींना मी खोटं लिवायला सांगितलं. माझा पणजा लढला बिढला न्हाई. तो त्यानंतर तीन म्हयन्यांनी जन्मला."

मग बायकांच्या घोळक्यातून कानिफनाथाची आई, साळूबाई, काठी टेकत उठली. "आमची बी हुती," ती म्हणाली.

तेव्हा मेलेला कानिफनाथ ताडकन उठून बसला. "आये, काय बोलतीस! आपला पणजा वेशीत लढून मेला!"

"गप पड, मुडद्या," साळूबाई म्हणाली. "तुजा पणजा तवा दोन वर्साचा हुता. पाठीला बांधून आनला हुता त्याला. लढतोय कशाचा? हागला हुता भीतीनं."

सगळी जत्रा हसली. हसू थोडे ओसरले तसा मागून एक म्हातारा म्हणाला, "आमी बी त्यातलंच." डावीकडून कोणी म्हणाले, "आमी बी." कोणी हात वर केला, कोणी नुसते खोकून दाखवले. गुरुजी वहीत भराभरा वीर खोडत होते.

काकासाहेब मधोमध उभे होते, पणजाच्या पागोट्यात. घामाने त्यांची एक मिशी सुटून लोंबत होती. ते विंगेकडे वळले. आता मान तिरकी केली नव्हती; सगळे अंगच वळवले होते.

"गनी," ते म्हणाले, "माझ्या पणज्यानं काय केलं रं?"

गनीभाई विंगेतून बाहेर आले. रंगमंचावर त्यांनी पाऊल ठेवले ते पहिल्यांदाच, आणि उजेडाने त्यांचे डोळे दिपले. त्या सुंदर भाषणाचा एक शब्द त्यांना आठवेना. ते नुसते बोलले.

"उघडू नको म्हनले, काकासाहेब. त्यांच्या डोक्यावर समदं गाव हुतं, ते म्हननारच. पन उघडल्यावर बाबाजानला हात लावला न्हाई त्यांनी. आत आल्यालं समदं मानूस सा म्हयनं आपल्या वाड्यात ठिवलं. लुटीतनं वाचल्याली स्वताच्या बियान्याची जवारी दळून घातली त्यांना."

"हे कुनी कधी सांगितलं न्हाई आमाला," काकासाहेब म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाई," गनीभाई म्हणाले.

काकासाहेबांनी स्वतः पुढे होऊन सहादेवाचे हात सोडले. आता पुढे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आतून सांगणारा बाहेर येऊन उभा होता. नाटक तिथेच संपले. देवळामागे दोन तट्टे धरून सहा पेंढारी ताटकळले होते. "आमचं कवा?" त्यांनी विचारले. "आता ऱ्हाऊ द्या, पाव्हनं," असे सांगून त्यांना जिलबीला बसवले. कामच न करता जिलबी मिळालेली मंडळी म्हणून कोल्हारात ते पुढे बरेच दिवस ओळखले जात.

दुसऱ्या दिवशी राहात्याचे पाहुणे निघाले. होणारे व्याही उंबऱ्यात थांबून म्हणाले, "ते बाबाजान म्हणजे तुमचेच?"

"हमारेच," बद्रुन्निसाबी म्हणाल्या. एवढे बोलून त्या घाईने आत गेल्या आणि चुलीत फुंकर मारत बसल्या. चूल तर चांगली पेटलेली होती. हसीनाच्या लग्नाची तारीख पाहुणे तिथेच ठरवून गेले.

घराचे नाव काही बदलले नाही. मांडवठाणात एकदा पडलेले नाव भैरवनाथालाही काढता येत नाही. पण पोरे आता वेसउघडे म्हणताना जरा ताठ उभी राहत, आणि हसीनाच्या सासरी तर तिचे माहेरचे आडनाव म्हणून तेच सांगत.

खरी गंमत पुढेच झाली. जत्रेनंतर चैत्राच्या भाजणाऱ्या उन्हात लोकांना एकाएकी दुलया पिंजून घ्यायच्या होत्या. पहिला आला सहादेव. दुलई टाकून ओसरीवर बसला आणि आजीने सांगितलेले सगळे सांगून गेला. कोणती वाडी, कोणता ओढा, वाटेत शेळी कुठे मेली. मग साळूबाई आली. मग एकेक करत ते बाकीचे वीर आले. गुरुजींकडून जे खोटे लिहवून घेतले होते ते गनीभाईंकडे येऊन खरे करून जात. लिहिणाऱ्यापेक्षा न लिहिणाऱ्याकडे हकीकत जास्त सुरक्षित, असा गावाचा समज असावा. गुरुजी संध्याकाळी वही घेऊन येत आणि गनीभाई पिंजता पिंजता सावकाश सांगत. या वेळी वाचणारा ऐकत होता आणि ऐकणारा सांगत होता.

सर्वांत शेवटी काकासाहेब आले. दुलई नव्हती, एक उशी होती, तीही नवी. ओसरीवर बसून त्यांनी पान जमवले, खाल्ले, थुंकून आले, पुन्हा बसले.

"गनी," आवाज खाली आणून ते म्हणाले, "वाड्यातलं जुनं दप्तर काढलं काल. आमी बी मूळचे हितले न्हाई रं. कर्जतकडनं आलोय. दुस्काळात. पेंढाऱ्यांच्या आदी दोन पिढ्या."

गनीभाईंनी पिंजण खाली ठेवले. "मग तुमाला कुनी आत घेतलं, काकासाहेब?"

"तेच तर दप्तरात न्हाई." काकासाहेबांनी उशी पुढे सरकवली. "कुनीतरी घेतलंच असंल की. बघ कुनाच्या हकीकतीत सापडतंय का."

"बघतो," गनीभाई म्हणाले, आणि नवी कोरी उशी त्यांनी उसवायला घेतली.